मालिकांतल्या समलिंगी नायिका आणि संसाराची चौकट : पार्श्वभूमी

स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकाने पहिल्यांदा ठळकपणे पाहिली ती रंगभूमीवर. 1981 मध्ये आलेल्या ‘मित्राची गोष्ट’ने तिला केंद्रस्थानी आणले आणि अखेर तिचा मृत्यू दाखवला. परदेशी मालिकांनाही ही सवय पुढे बराच काळ सुटली नाही. 2016 मध्ये एका अमेरिकी विज्ञानकथा मालिकेत दोघी एकत्र येतात न येतात तोच एकीला गोळी लागली. प्रेक्षक भडकले, ते योग्यच होते.

आपल्याकडे 1998 मध्ये दोन जावांच्या प्रेमाच्या चित्रपटावरून थिएटरांची मोडतोड झाली. पुढे ही नायिका जगू लागली, पण अट बदलली. आता तिने सुनेसारखे दिसायला हवे होते.

ही अट सर्वांत स्पष्ट दिसली ती ऑक्टोबर 2021 मधल्या एका ब्लीच क्रीमच्या जाहिरातीत. दोघी एकमेकींना क्रीम लावतात, घरातली वडीलधारी बाई दोघींना साड्या देते आणि रात्री दोघी समोरासमोर उभ्या राहून चाळणीतून एकमेकींकडे पाहतात. करवा चौथचा उपवास दोघींनीही एकमेकींसाठी धरलेला. गोव्यातल्या मराठी घरांत वटपौर्णिमा असते. करवा चौथ बहुतेकांच्या ओळखीचा झाला तो हिंदी मालिकांमुळे. म्हणजे व्रतही पडद्यावरचेच. मध्य प्रदेशच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कारवाईचा इशारा दिला आणि कंपनीने माफी मागून जाहिरात मागे घेतली. दुसऱ्या बाजूनेही टीका झाली: पतीच्या आयुष्यासाठीचे व्रत आणि गोरेपणाचा हव्यास या दोघींच्या गळ्यात कशाला? ही टीका वजनदार आहे, पण माघारीमागे ती नव्हती. सासर, साडी, उपवास असे सगळे मान्य करूनही दोघी खपल्या नाहीत. माघारीचा तो निर्णय आजही चुकीचाच वाटतो, कारण परंपरेत सामावून घ्या म्हणणाऱ्यांसाठीही दार बंद असल्याचे त्याने दाखवून दिले.

वेबमालिकांनी थोडी मोकळीक घेतली, तरी ओढ लग्नमंडपाकडेच. 2020 मध्ये एका हिंदी वेबमालिकेत दोन स्त्रियांच्या लग्नाचा थाट उभा राहिला. ऐन वेळी एकीने माघार घेतली. तिच्या त्या नकारावर जितकी चर्चा व्हायला हवी होती, तितकी झाली नाही.

गोव्यात या मांडवाला कायद्याची वेगळीच बाजू आहे. इथे लग्न म्हणजे आधी रजिस्ट्रारकडची पहिली सही, म्हणजे लग्नाच्या इराद्याची नोंद, मग लग्न पक्के करणारी दुसरी. त्यामागचा पोर्तुगीज काळातला 1910 चा विवाहकायदा लग्नाची व्याख्याच भिन्नलिंगी दोघांमधला करार अशी करतो. पोर्तुगालने 2010 मध्ये समलिंगी विवाह मान्य केला. भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 ची तलवार 2018 मध्ये दूर झाली, पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचा प्रश्न संसदेवर सोपवला. त्यामुळे पडद्यावरच्या दोघींनी लग्न केले, तरी पणजीत त्यांची पहिली सहीसुद्धा होऊ शकत नाही.