पेट-सीटी स्कॅनच्या आधी उपाशी का राहायचं?

आमच्या केंद्रात पेट-सीटीसाठी, म्हणजे मुख्यतः कॅन्सर शोधायच्या स्कॅनसाठी, नाव नोंदवलं की फोनवर पहिली सूचना मिळते: सहा तास काही खाऊ नका, साधं पाणी मात्र भरपूर प्या. कारण ठाऊक नसलं की कुणी घोटभर चहा घेऊन येतं, तर कुणी दोन दिवस आधीच जेवण सोडतं. दोन्ही टाळण्यासारखं आहे, म्हणून हे पत्रक.

पेशीत काय घडतं

ग्लुकोज पेशीत शिरलं की हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं. फॉस्फेट लागलेलं ग्लुकोज पेशीबाहेर पडू शकत नाही. पुढची एन्झाइम्स त्याचं टप्प्याटप्प्यानं विघटन करतात. ऑक्सिजन मिळत असेल तर निरोगी पेशी एका ग्लुकोजपासून सुमारे ३० एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारे तीसेक रेणू मिळवते.

कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही बरंचसं ग्लुकोज अर्धवटच वापरून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. या वाटेनं एका ग्लुकोजमागे जेमतेम २ एटीपी मिळतात. पेशीचं श्वसनच, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा मिळवणंच, बिघडलं असावं, असं त्यांना वाटलं होतं; पण बहुतेक कॅन्सर पेशींचं श्वसन चालू असतं, हे नंतर कळलं. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा मालही लागतो. नवा डीएनए, नवं आवरण, नवी प्रथिनं घडवायची, तर ग्लुकोजच्या विघटनातले मधले पदार्थ त्या कामी येतात. म्हणून अशा अनेक पेशी ग्लुकोज भराभर आत ओढतात आणि हेक्झोकायनेज-२ हा प्रकार, जो एरवी मुख्यतः स्नायूंत आणि चरबीत आढळतो, भरपूर तयार करतात.

आमचं स्कॅन याच सवयीवर चालतं. तुम्हाला शिरेतून दिलं जाणारं एफडीजी हे ग्लुकोजच, फक्त त्यात एका जागी किरणोत्सारी फ्लोरिन-१८ बसवलेलं असतं. हेक्झोकायनेज त्यालाही फॉस्फेट जोडतं; पुढच्या एन्झाइमला मात्र तो बदललेला रेणू चालत नाही. एफडीजी पेशीत साचत जातं आणि यंत्राला ती जागा उजळ दिसते.

चहानं काय बिघडतं

गोड चहा, बिस्किट, एखादं केळंसुद्धा इन्सुलिन वाढवतं. इन्सुलिन वाढलं की स्नायू आणि हृदय ग्लुकोज ओढू लागतात. एफडीजी तिकडे जातं आणि गाठ फिकट दिसते. रक्तातली साखर जास्त असेल तर ती एफडीजीशी स्पर्धा करते, म्हणून इंजेक्शनआधी बोटातून रक्त घेऊन साखर तपासतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे आदल्या दिवशी आम्हाला फोन करून ठरवा. स्वतःच्या मनानं बंद करू नका.

आदल्या दिवशी व्यायाम किंवा जड काम नको. इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत पडून राहायचं, गप्पा नकोत, च्युइंगगम नको: जे स्नायू हलतील ते उजळतील. शाल किंवा स्वेटर जरूर आणा. थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी उष्णतेसाठी ग्लुकोज जाळू लागते आणि रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांचं काम उगाच अवघड होतं.

वेळही पाळा. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार होतं. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. आमच्याकडेही औषध सायक्लोट्रॉनवरूनच शिशाच्या डब्यातून येतं आणि ते साठवून ठेवता येत नाही.

उजळलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही

रिपोर्ट हातात आला की घरचे आधी चित्र बघतात आणि घाबरतात. मेंदू नेहमीच उजळ दिसतो, कारण त्याचं मुख्य इंधनच ग्लुकोज. मूत्राशयही उजळतं, कारण एफडीजी लघवीवाटे बाहेर पडतं. जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पेशीही भरपूर ग्लुकोज घेतात, त्यामुळे टीबीच्या गाठी हुबेहूब कॅन्सरसारख्या चमकू शकतात. आपल्याकडे हे विसरून चालत नाही. शंका असेल तिथे बायॉप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, लागते.

उलटही घडतं. यकृताच्या पेशींत फॉस्फेट काढून टाकणारं, ग्लुकोज-६-फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतं. यकृताच्या काही कॅन्सरमध्येही ते टिकून राहतं, एफडीजी निसटून जातं आणि गाठ असूनही ठळक दिसत नाही. म्हणून कुठल्या अवयवासाठी कोणतं स्कॅन, हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

साखर सोडली तर कॅन्सर उपाशी मरेल का?

हा प्रश्न आम्हाला फार विचारला जातो, आणि याचं उत्तर नाही असं आहे. तुम्ही साखर सोडली तरी यकृत ग्लुकोज बनवतच राहतं, गरज पडली तर स्नायूंमधली प्रथिनं मोडून. शिवाय कॅन्सरच्या पेशी ग्लुटामिनसारखी अमिनो आम्लंही वापरतात. अन्न तोडलं की वजन घटतं, अंगात ताकद राहत नाही आणि केमोथेरपी झेपेनाशी होते. मधुमेहाचं पथ्य पाळाच. बाकी आहारात बदल करायचा तर तुमच्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून.

उपवास फक्त त्या सहा तासांपुरता. डबा सोबत आणा: भाकरी, वरण-भात, जे रोज खाता ते. स्कॅन झालं आणि तंत्रज्ञांनी चित्रं ठीक आल्याचं सांगितलं की लगेच जेवा. त्या दिवशी पाणी जास्त प्या आणि काही तास गरोदर बाई व लहान मूल यांना जवळ घेऊन बसू नका. तुम्ही स्वतः गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर नाव नोंदवतानाच सांगा.