गाऊट आणि इतर संधिवात

रक्तातील युरिक ॲसिड वर्षानुवर्षे वाढलेले राहिले की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. त्यांच्यामुळे सांध्याला येणारा दाह म्हणजे गाऊट. आयुर्वेदात याला जवळचा शब्द ‘वातरक्त’ आहे, पण नाशिकच्या दवाखान्यांत तो क्वचितच ऐकू येतो. रुग्ण ‘माझं युरिक ॲसिड वाढलंय’ म्हणतो, घरचे ‘वात झालाय’ म्हणतात. घोळ या ‘वात’ शब्दापासूनच सुरू होतो. गुडघे झिजलेल्या आजीला वात, सकाळी बोटे वळत नाहीत त्या सुनेला वात, चिकनगुनियानंतर सहा महिने घोटे चोळत बसणाऱ्या दिराला वात, आणि मध्यरात्री अंगठा सुजून जागे झालेल्या सासऱ्यांनाही वातच. सांध्यांचे शंभराहून अधिक विकार या एका शब्दात कोंबलेले आहेत. त्यांची कारणे वेगळी, तपासण्या वेगळ्या, आणि एकाच्या गोळ्या दुसऱ्याला बहुधा निरुपयोगी. म्हणून या नोंदीत ‘कोणता वात?’ हा प्रश्न औषधाच्या आधी घेतला आहे.

झटका

गाऊटचा पहिला झटका बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो आणि रात्री येतो. माणूस धडधाकट झोपतो. दोन-तीनच्या सुमाराला अंगठा ठणकून जाग येते. सांधा लालबुंद, तापलेला, त्वचा ताणून चकचकीत. पांघरुणाचे टोक लागले तरी ओरडायला होते, शेजारून कोणी चालत गेले तरी पाय आखडून घ्यावासा वाटतो. दुखणे १२ ते २४ तासांत शिगेला पोहोचते आणि काहीही केले नाही तरी आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. या शेवटच्या गोष्टीमुळे गाऊटवर अक्सीर इलाजांची कधीच वानवा नसते. दहाव्या दिवशी जो लेप लावला, जो काढा घेतला, जे पाणी प्यायले, त्याच्या नावावर गुण जमा होतो.

दुसरा झटका वर्षाने येईल, तिसरा सहा महिन्यांनी. पुढे घोटा, गुडघा, मनगट. अनेक वर्षे दुर्लक्ष झाले तर कानाच्या पाळीवर, कोपरावर, बोटांच्या पेरांवर गाठी येतात. त्या फुटल्या की आतून खडूच्या भुकटीसारखा पांढरा लगदा निघतो. मूत्रपिंडात खडे होतात ते वेगळेच.

झटक्याच्या दिवशी रक्त तपासले तर युरिक ॲसिड ‘नॉर्मल’ही निघू शकते. ते झटक्यात तात्पुरते उतरते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. याच्या उलट, हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये सात पॉइंट चार असा ठळक छापलेला आकडा पाहून अनेकजण हादरतात. सांधा कधीच दुखला नसेल आणि मूतखडाही नसेल तर नुसत्या आकड्यावर सहसा गोळी लागत नाही. निदान पक्के होते ते सुजलेल्या सांध्यातले पाणी सुईने काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहून. ही पद्धत मॅककार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये दाखवली. प्रत्यक्षात बहुतेक निदाने अंगठा आणि हकिगत यांवरूनच होतात.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. एकच सांधा अचानक सुजला, सोबत थंडी वाजून ताप आला, तर तो सांध्यात पू झाल्याचा प्रकार असू शकतो. तो काही दिवसांत सांधा कायमचा निकामी करतो. तेव्हा गाऊट समजून घरी बर्फ लावत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

स्फटिक का होतात

पेशींमधले आणि अन्नातले प्युरिन नावाचे घटक मोडले की युरिक ॲसिड तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे विरघळवणारे ‘युरिकेज’ नावाचे विकर असते. माणसाच्या पूर्वजांनी ते कोटीभर किंवा त्याहूनही अधिक वर्षांपूर्वी गमावले. उरलेले काम मूत्रपिंडाचे, थोडे आतड्याचे. गाऊटच्या दहांपैकी साधारण नऊ रुग्णांत अडचण युरिक ॲसिड जास्त तयार होण्याची नसून मूत्रपिंडातून ते कमी बाहेर पडण्याची असते, आणि ही ठेवण बरीचशी वंशपरंपरेने येते. ‘खाण्यावर ताबा नाही’ हा टोमणा म्हणूनच अर्धवट आहे. मासिक पाळी सुरू असेपर्यंत बायकांत इस्ट्रोजेनमुळे ते जास्त बाहेर पडते, त्यामुळे त्यांना गाऊट सहसा पाळी गेल्यानंतर होतो.

डेसिलीटरला ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे युरिक ॲसिड रक्तात पूर्ण विरघळत नाही. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. पायाचा अंगठा हृदयापासून लांब आणि शरीरातल्या गार जागांपैकी एक, म्हणून स्फटिकांना ती जागा मानवते. निफाडला पारा राज्यात नीचांकी उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, तेव्हा मोजे घालून झोपणे हा सल्ला अगदीच आजीबाईचा नाही.

जुनी नावे, जुनी औषधे

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात २९वा अध्याय वातरक्तावर आहे. तिथे या रोगाची ‘खुड’ आणि ‘आढ्यवात’ अशीही नावे येतात. आढ्य म्हणजे श्रीमंत. युरोपातही हा राजेरजवाड्यांचा रोग मानत. ‘आमवात’ मात्र वेगळा. त्याचे स्वतंत्र वर्णन माधवनिदानात आहे आणि ते आजच्या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या (प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटण्याच्या रोगाच्या) बरेच जवळ जाते. थोडक्यात, जुन्या वैद्यांना सगळे वात एक नव्हते. ते एक केले आपण.

युनानी आणि आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या सुरंजान या कंदात कोल्चिसिन असते. हेच द्रव्य गाऊटच्या झटक्यावर डॉक्टर देतात. त्यामुळे डॉक्टरांची गोळी आणि सुरंजानाचे चूर्ण एकदम घेतले तर एकाच औषधाचा डोस नकळत वाढतो, आणि कोल्चिसिन जास्त झाले तर विषारी ठरते. वातरक्तावर सांगितलेली गुळवेल अंगणातली म्हणून निर्धास्त घेतली जाते. कोविडकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची मुंबईतील नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. वाद काहीही असो, आधीच यकृताचा किंवा स्वयंप्रतिकाराचा आजार असलेल्याने विचारल्याशिवाय घेऊ नये.

झटक्याची गोळी आणि रोजची गोळी

गाऊटचे बरेचसे उपचार फसतात ते या दोन गोळ्यांतला फरक न कळल्यामुळे. झटका आला की कोल्चिसिन (कमी डोस पुरतो, जास्त घेतल्यास जुलाब), सूज उतरवणारी वेदनाशामके किंवा थोडे दिवस स्टेरॉइड. मूत्रपिंड कमजोर असेल, अल्सर असेल तर वेदनाशामक स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणू नये. बर्फ चालतो, चोळणे आणि मालिश नको.

रोजची गोळी वेगळी. तिचे काम दुखणे थांबवण्याचे नाही, साठा रिकामा करण्याचे. यात ॲलोप्युरिनॉल मुख्य. कर्करोगाच्या एका औषधाचा परिणाम टिकावा म्हणून जी रसायने तपासली जात होती, त्यातून हे हाती आले आणि १९६६ मध्ये अमेरिकेत गाऊटसाठी मान्य झाले. गरट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल मिळाले त्यामागच्या औषधांत हेही होते. सुरुवात १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, मग काही आठवड्यांच्या अंतराने वाढवत युरिक ॲसिड सहाच्या खाली आणायचे, गाठी असतील तर पाचच्या. अंगावर पुरळ उठले तर गोळी लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवायचे. हा त्रास विरळा, पण जिवावर बेतू शकतो. फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय.

खरी गोम पहिल्या काही महिन्यांत आहे. साठा विरघळू लागला की स्फटिक हलतात आणि झटके वाढू शकतात. ‘गोळीनं उलट त्रास वाढला’ म्हणून माणूस ती सोडतो, सहा महिन्यांनी पुन्हा अंगठा धरून येतो. हे टाळण्यासाठी सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत कमी डोसचे कोल्चिसिन देतात. गोळी आधीपासून सुरू असेल तर झटक्यातही थांबवायची नसते. पुढेही ती वर्षानुवर्षे चालू ठेवायची, बीपीच्या गोळीसारखी. इतक्या नेमक्या कारणाचा आणि इतक्या स्वस्त औषधाचा दुसरा संधिवात नाही. तरी तो सर्वांत जास्त अर्धवट सोडला जातो.

बीपीवरच्या काही ‘पाण्याच्या गोळ्या’ (लघवी वाढवणाऱ्या) आणि रोजची छोटी ॲस्पिरिन युरिक ॲसिड वाढवतात. त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालायचे.

खाणेपिणे

गाऊट म्हटले की घरात पहिली यादी बनते ती बंदीची: तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, फ्लॉवर बंद, मिसळ तर विचारूच नका. यातले बरेचसे निराधार आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांवर बारा वर्षे नजर ठेवली होती. मटण-मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढला, प्युरिन असलेल्या भाज्यांनी वाढला नाही, आणि कमी स्निग्धांशाच्या दूध-दह्याने उलट कमी झाला. तेव्हा मटकीच्या मिसळीची भीती गाऊटपुरती तरी बाळगू नये. तर्रीचे तेल आणि वजन हा वेगळा हिशेब.

खरोखर कमी करायचे ते कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी, सुकट-जवळा, बिअर, आणि गोड कोल्ड्रिंक. बिअरमध्ये अल्कोहोलबरोबर प्युरिनही असते. नाशिकसारख्या वाइनच्या गावात विचारला जाणारा प्रश्न ठरलेला: वाइन चालते का? नवा गाऊट होण्याच्या बाबतीत ती बिअरहून बरी दिसली आहे, पण ज्याला गाऊट आहे त्याला वाइननेही झटके आल्याचे आढळले आहे. द्राक्षांचेही तसेच. घडातली मूठभर खाल्ली तर बिघडत नाही, पण तांब्याभर रस गाळून प्यायला की फ्रुक्टोजचा मारा होतो आणि फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवते.

आपल्याकडचा सगळ्यात धोक्याचा हंगाम आषाढ-श्रावणाच्या सांध्यावर येतो. आखाडात काळ्या रश्श्याचे मटण आणि बिअर, आणि लगेच श्रावणात कडक, कधी निर्जळी उपवास. पोट रिकामे राहिले की शरीर चरबी जाळते, त्यातून मूत्रपिंडाचा युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचा वेग मंदावतो, आणि पाणी कमी असल्याने ते आणखी घट्ट होते. गाऊटवाल्याने उपवास करायचाच तर भरपूर पाणी आणि ताक घेऊन करावा.

तरीही पथ्याने युरिक ॲसिड साधारण एक मिलिग्रॅमच उतरते. नऊवर असलेला माणूस नुसत्या पथ्याने सहाखाली येत नाही.

बोटे न वळणारा वात

दिंडोरी-निफाड पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षमण्यांच्या विरळणीचे काम येते. बायका दिवसभर छोटी कात्री चालवतात, आणि संध्याकाळी बोटे, मनगटे दुखणे साहजिक आहे. हे दुखणे कामाने वाढते, रात्रीच्या विश्रांतीने कमी होते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात याच्या नेमका उलट वागतो. सकाळी उठल्यावर मुठी मिटत नाहीत, पिठाचा डबा उघडत नाही, वेणी घालता येत नाही. तास-दीड तास हालचाल केली, कोमट पाण्यात हात बुडवले की बोटे सैल होतात. दोन्ही हातांचे तेच सांधे सुजतात, मात्र बोटांचे अगदी टोकाचे पेर बहुधा वाचते. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते, आणि पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत हे दोन-तीन पट आढळते. कात्रीमुळे हा रोग होत नाही. पण ‘कामाचं दुखणं’ म्हणून तो वर्षभर अंगावर काढला जातो, आणि तेवढ्यात हाडे खरवडली जातात.

रक्ताच्या तपासण्यांत आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (या रोगाची प्रतिद्रव्ये), ईएसआर आणि सीआरपी (दाह किती ते सांगणाऱ्या). आरए फॅक्टर नसतानाही रोग असू शकतो, आणि असतानाही नसू शकतो. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, ठरलेल्या वारी, सोबत फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून चिठ्ठीवर वाराचे नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्यावे. गर्भधारणेचा विचार असेल तर ते आधीच थांबवावे लागते.

आठवडे बाजारातली नावगाव नसलेली वाताची पुडी दोन दिवसांत सूज उतरवत असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. चेहरा गोल होणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे या तिच्या खुणा. मात्र महिनोन्महिने घेतलेली पुडी एकदम थांबवणेही धोक्याचे. डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावी. आणि डॉक्टर म्हणजे केवळ हाडांचे नव्हेत, शक्यतो ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ.

उरलेले काही

चिकनगुनियाने १९७३ मध्ये बार्शीत साथ आणली, मग तीसेक वर्षे दडी मारून तो २००६ च्या सुमाराला राज्यात परतला. ताप आठवड्यात जातो, सांधे महिने घेतात. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे दुखून जाग येत असेल आणि चालल्यावर बरे वाटत असेल तर ते गादीचे किंवा बाइकचे दुखणे नसेल. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसची, म्हणजे पाठीच्या कण्याच्या दाहाची, तपासणी करावी.

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे झिजेचा, ऑस्टिओआर्थ्रायटिस. ‘वंगण संपलं’ हा शब्दप्रयोग सोयीचा आहे, पण झिजते ती कूर्चा, आणि वंगणाच्या म्हणून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांचा फायदा बेताचाच. उपयोग होतो तो वजन उतरवण्याचा आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच मोजून सोडायची. सप्तशृंगीच्या पाचशेवर पायऱ्या चढताना दुखते त्याहून उतरताना जास्त दुखते, कारण तेव्हा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर झेलला जातो. ट्रॉलीने वर जाऊन दर्शन घेतल्याने देवी रागावत नाही. चढायचेच असेल तर चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा पुढे. आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नाही, पलीकडच्या हातात.