छत्तीसावा आठवडा मोजायचा कुठून? अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसांची पार्श्वभूमी

पूर्वी सातव्या महिन्यात जन्मलेली पुष्कळ बाळं पहिल्या आठवड्यातच दगावायची. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जडणारा फुप्फुसाचा आजार (ब्राँकोपल्मनरी डिस्प्लेशिया) दीर्घकाळ चालायला मूल आधी जगावं लागतं. त्यामुळे या आजाराचा इतिहास व्हेंटिलेटरपासून सुरू होतो. १९६७ मध्ये अमेरिकेत ३२ बाळांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. बहुतेक बाळं ३४ आठवड्यांच्या आसपास (आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून) जन्मलेली, दोन किलोच्या घरातली होती. भरपूर ऑक्सिजन आणि यंत्राचा दाब यामुळे त्यांची फुप्फुसं जखमी होऊन निबर झाली होती. पुढे सीपॅप (नाकावाटे सतत हवेचा दाब देणारं यंत्र), बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला प्रसूतीआधी स्टिरॉइड (१९७२) आणि नंतर सर्फॅक्टंट (फुप्फुसं मिटू न देणारं औषध) आले, आणि ३४ आठवड्यांच्या बाळाची काळजी बरीच हलकी झाली. आता आजारी पडतात ती २५-२६ आठवड्यांची बाळं. त्यांच्या फुप्फुसांवर व्रण कमी असतात. पण वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, मोजके आणि मोठाले राहतात, कारण वाढच मध्ये थांबलेली असते.

आजार असा बदलला, पण तो ओळखायचा कोणत्या दिवशी, हा वाद अजून मिटलेला नाही. आधी नियम २८ दिवसांचा होता: तोवर ऑक्सिजन लागत असेल तर आजार आहे. पण २५ आठवड्यांचं बाळ २८ व्या दिवशी जेमतेम २९ आठवड्यांचं होतं; त्याला ऑक्सिजन लागणारच. म्हणून १९८८ मध्ये दीड किलोखालच्या बाळांच्या अभ्यासातून जन्मानंतरच्या आठवड्यांत गर्भकाळही धरून ३६ वा आठवडा पुढे आला. २००० च्या सुमारास सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या पडल्या. २०१९ मध्ये ऑक्सिजन किती टक्के याला महत्त्व न देता, ३६ व्या आठवड्यात बाळ कोणत्या आधारावर श्वास घेतंय एवढंच पाहावं, असं मांडलं गेलं. नाकातल्या नळीतून वारा, सीपॅप की व्हेंटिलेटर? मला हीच मांडणी सर्वांत प्रामाणिक वाटते. पण तारीख तिलाही लागते, आणि सोलापुरात घोडं अडतं ते तिथेच.

पाळीची तारीख विचारली की उत्तर येतं, 'गड्ड्याच्या यात्रेच्या आगंमागं'. पहिली सोनोग्राफी पाचव्या-सहाव्या महिन्यात होते. ऊसतोडीला आलेल्या बाईचं कार्ड गावाकडे राहिलेलं असतं. मग केसपेपरवर 'गर्भकाळ : अंदाजे ३० ते ३३' असं लिहिलं जातं. जन्मानंतर कातडी, तळवे, कानाची पाळी पाहून वय ठरवता येतं, पण त्यातही दोन आठवड्यांचा फरक पडतो. म्हणजे तेच बाळ एका हिशेबाने आजारी आणि दुसऱ्या हिशेबाने ठणठणीत. २०१४ मध्ये २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याची मुभा नर्सताईंना मिळाली. निर्णय चांगलाच होता, पण त्याचाही आधार हाच अंदाज.

त्यातच खाट अडते आणि घरी कामाला माणूस नसतं, म्हणून ३६ वा आठवडा भरायच्या आतच पुष्कळ बाळं घरी जातात. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही माणसं येतात. त्यांना पुन्हा तपासणीला या म्हणणं सोपं, येणं अवघड. आणि घर तरी कसं? एका खोलीत आई विड्या वळते, तंबाखूचा भुगा सुपात असतो. कुठे शेजारी यंत्रमाग असतो आणि कापसाची धूळ उडत असते. उसाच्या फडावर कोपीत चुलीचा धूर. वायुकोशांची बरीचशी वाढ जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत होते आणि ती वर्षं या हवेत जातात. महिन्या-दोन महिन्यांनी सर्दी होते, पोट उडायला लागतं, आणि कागदावर लिहिलं जातं 'न्यूमोनिया'. मूल अपुऱ्या दिवसांचं होतं, हे त्या कागदावर बहुधा नसतं.

फुप्फुसांची ताकद नीट मोजायची तर मुलाला जोरात फुंकता आलं पाहिजे. म्हणजे पाच-सहा वर्षांचं व्हावं लागतं. परदेशात ज्यांचा माग ठेवला, त्या मुलांची फुंकण्याची ताकद शाळेच्या वयातही वेळेवर जन्मलेल्यांपेक्षा कमी आढळली, आणि तारुण्यातही ती पूर्ण भरून येत नाही. आपल्याकडे त्या वयापर्यंत डिस्चार्ज कार्ड टिकलेलं असतंच असं नाही. पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी झाली तर गर्भाचं वय आठवड्याच्या फरकाने कळतं. ती तारीख आईच्या कार्डावर आणि पुढे बाळाच्या कार्डावर चढवायला एक ओळ पुरते.