वर्तुळाकार लक्ष्यखुणांची उत्केंद्रता-त्रुटी

छायाचित्रमिती म्हणजेच फोटोग्रॅमेट्री या छायाचित्रांवरून मापे काढण्याच्या शास्त्रात वस्तूवर चिकटवलेल्या गोल खुणेच्या प्रतिमेचे केंद्र आणि त्या खुणेच्या खऱ्या केंद्राची प्रतिमा हे दोन बिंदू सहसा एक नसतात. त्यांच्यातील अंतराला उत्केंद्रता-त्रुटी म्हणतात. लंबवर्तुळाचा चपटेपणा सांगणाऱ्या भूमितीतील उत्केंद्रतेशी या संज्ञेचा संबंध नाही.

विमानांचे भाग, जहाजांचे सांगाडे, रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या यांच्या मापनात गोल खूण पसंत केली जाते, कारण ती कशीही फिरवली तरी तशीच राहते आणि तिच्या कडेवरील अनेक पिक्सेलांच्या आधारे केंद्र पिक्सेलच्या काही शतांश भागापर्यंत ठरवता येते. मोजणी इतकी बारीक असल्यामुळेच एरवी नगण्य वाटणारी ही त्रुटी येथे महत्त्वाची ठरते.

तिरकस बाजूने पाहिलेले ताट लंबवर्तुळाकार दिसते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र ताटाचा जवळचा अर्धा भाग दूरच्या अर्ध्या भागापेक्षा मोठा दिसतो, त्यामुळे त्या लंबवर्तुळाचा मध्य ताटाच्या खऱ्या मध्यापासून जवळच्या कडेकडे सरकलेला असतो. यथादर्शी प्रक्षेपात, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दिसणाऱ्या चित्रणात, सरळ रेषा सरळ राहतात, पण रेषाखंडाचा मध्यबिंदू मध्यबिंदू राहत नाही, हे याचे मूळ कारण आहे. खुणेचे प्रतल कॅमेऱ्याच्या प्रतिमा-प्रतलाला (ज्या सपाट पृष्ठावर प्रतिमा उमटते त्याला) समांतर असेल, तर वर्तुळाची प्रतिमा वर्तुळच राहते आणि खूण चित्राच्या कोपऱ्यात असली तरी ही त्रुटी शून्य असते. प्रकाशीय अक्षावरील, म्हणजे लेन्सच्या मध्यातून सरळ समोर जाणाऱ्या रेषेवरील, खुणेसाठी ती ४५ अंशांच्या कलाला सर्वाधिक असते.

अशा खुणेसाठी लेन्सचे केंद्रांतर (फोकल लेंग्थ), खुणेच्या त्रिज्येचा वर्ग आणि कलाच्या दुप्पट कोनाची साइन यांच्या गुणाकाराला कॅमेऱ्यापासून खुणेपर्यंतच्या अंतराच्या वर्गाच्या दुपटीने भागले असता त्रुटीचे जवळजवळ अचूक मूल्य मिळते. २४ मिमी. केंद्रांतराच्या लेन्सने १ मी. अंतरावरून, ४५ अंशांत कललेली १० मिमी. व्यासाची खूण टिपली, तर त्रुटी ०.३ मायक्रोमीटर, म्हणजे ४ मायक्रोमीटरच्या पिक्सेलवर सुमारे ०.०७५ पिक्सेल येते. व्यास २० मिमी. केला की ती चौपट होऊन ०.३ पिक्सेलवर पोहोचते. प्रत्यक्ष वस्तूच्या मापात हीच त्रुटी अनुक्रमे ०.०१२५ आणि ०.०५ मिमी. भरते, आणि या मापात केंद्रांतर उरतच नाही. म्हणून लेन्स बदलणे हा उपाय नव्हे. खूण लहान करणे किंवा कॅमेरा दूर नेणे हाच उपाय आहे. अर्थात खूण फारच लहान झाली, म्हणजे प्रतिमेत तिला जेमतेम चार-पाच पिक्सेल मिळू लागले, तर केंद्र ठरवण्यातील अनिश्चितता वाढते. तेव्हा खुणेचा आकार या दोन मर्यादांच्या मध्ये निवडावा लागतो.

ही त्रुटी यादृच्छिक नसून पद्धतशीर आहे, आणि तिचा खरा धोका यातच आहे. अनेक छायाचित्रांच्या एकत्रित समायोजनात, म्हणजे सर्व छायाचित्रांतील मोजण्यांशी जास्तीत जास्त जुळतील अशी खुणांची व कॅमेऱ्यांची स्थाने एकदम काढण्याच्या गणितात, तिचा काही भाग कॅमेऱ्याच्या स्थितीत आणि केंद्रांतरात मिसळून जातो, त्यामुळे उरलेले फरक लहान दिसतात आणि निष्कर्ष निर्दोष असल्याचा समज होतो. ठिपक्यांच्या सपाट पाटीवरून कॅमेऱ्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) करताना विशेष सावध राहावे लागते. हेइक्किला आणि सिल्व्हेन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या अंशांकन-पद्धतीत वर्तुळाकार खुणांसाठीची दुरुस्ती अंतर्भूत आहे.

दुरुस्तीचा एक मार्ग असा : प्रथम नेहमीप्रमाणे समायोजन करून खुणेच्या प्रतलाची दिशा आणि कॅमेऱ्याची स्थिती काढावी, त्यांवरून प्रत्येक प्रतिमेतील त्रुटी गणिताने काढून वजा करावी आणि समायोजन पुन्हा करावे. दुसरा मार्ग समकेंद्री वर्तुळांचा आहे. त्रुटी त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे दोन वर्तुळांच्या प्रतिमांच्या केंद्रांवरून शून्य त्रिज्येपर्यंत मागे जाऊन खऱ्या केंद्राची प्रतिमा शोधता येते, आणि त्यासाठी प्रतलाची दिशा आधी माहीत असावी लागत नाही.

केंद्र सरकवणारी इतरही कारणे आहेत. प्रकाश परत फेकणाऱ्या खुणांभोवती जाड काळी चौकट असेल, तर तिरकस कोनातून तिची कड खुणेची एक बाजू झाकते. प्रकाश जास्त पडल्यास प्रतिमा पसरते, आणि बोटांचे ठसे किंवा धूळ यांमुळे चकाकी असमान होते. यांपैकी कोणतीही चूक वरील सूत्राने दुरुस्त होत नाही. खुणा स्वच्छ ठेवणे, अतितिरकस छायाचित्रे वगळणे आणि प्रकाश बेताचा ठेवणे एवढेच हाती असते.