खांदेरी: दुसऱ्याच्या बंदरावर नजर ठेवणारा किल्ला

बंदराच्या तोंडावर किल्ला बांधायचा तो आतलं बंदर राखायला, अशी सर्वसाधारण रीत. खांदेरीचं मात्र उलटं आहे. ज्या बंदराच्या तोंडावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला उभा केला, ती मुंबई इंग्रजांची होती. अलिबागच्या उत्तरेला, थळ गावासमोर समुद्रात दोन बेटं आहेत. किनाऱ्याजवळची छोटी ती उंदेरी, तिच्यापलीकडे दोन टेकड्यांची मोठी ती खांदेरी. दक्षिणेकडून मुंबईत शिरणारं गलबत खांदेरीवरून सहज टिपता येतं.

पण महाराजांचा खरा राग इंग्रजांवर नव्हता, जंजिऱ्याच्या सिद्दीवर होता. पावसाळ्यात सिद्दीचं आरमार आसऱ्याला मुंबईत येई, माजगावला नांगर टाकी आणि उघडीप मिळताच समोरच्या मराठी मुलखात लूट करून परत फिरे. सिद्दी मोगलांचा चाकर आणि इंग्रजांची मुख्य वखार मोगलांच्या सुरतेत, त्यामुळे मुंबईकर इंग्रजांना त्याला हाकलून देण्याची छाती होत नव्हती. शत्रू दुसऱ्याच्या घरात दडून बसत असेल, तर त्या घराच्या उंबऱ्यावर चौकी बसवायची, एवढा साधा हा हिशेब होता. 1672 मध्ये खांदेरी बांधायचा पहिला प्रयत्न झाला, तो इंग्रज आणि सिद्दी दोघांच्याही विरोधामुळे बारगळला.

1679 च्या ऑगस्टअखेर महाराजांच्या आरमाराचा सरदार मायनाक भंडारी शे-दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. मुंबईत एकदम खळबळ उडाली. बेट आमचं आहे, खाली करा, असा निरोप इंग्रजांनी धाडला. महाराजांच्या हुकुमाशिवाय हलणार नाही, असं उत्तर आलं. मग इंग्रजांनी बेटाभोवती नावा उभ्या केल्या. सप्टेंबरात त्यांच्या एका तुकडीने बेटावर उतरायचा प्रयत्न केला. तिचा अधिकारी थॉर्प तिथेच मारला गेला.

18 ऑक्टोबरची लढाई सगळ्यांना आठवते. मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याचं आरमार नागावच्या बाजूने पहाटे अचानक चालून आलं. इंग्रजांच्या आठ नावांपैकी ‘डव्ह’ मराठ्यांनी पकडली, बाकीच्या बहुतेक पळाल्या. ‘रिव्हेंज’ ही मोठी लढाऊ नौका तेवढी ठाम उभी राहिली आणि तिच्या तोफांपुढे मराठी गलबतांना मागे सरावं लागलं. विजय कोणाचा, यावर आजही वाद घालता येतो. माझ्या मते त्या दिवसाला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. निकाल लागला तो रात्रीच्या अंधारात. मराठ्यांचे छोटे, उथळ पाण्यातही चालणारे मचवे वल्ह्यांच्या जोरावर इंग्रजांच्या अवजड जहाजांना चुकवून बेटावर रसद आणि बांधकामाचं सामान पोचवत राहिले. वाऱ्याच्या भरवशावर चालणाऱ्या जहाजांना ते रोखता आलं नाही. लढाई चालू असताना तट चढत गेला.

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. मदत कसली, बेट जिंकलं तर ते सिद्दीच गिळणार हे इंग्रजांना लवकरच उमगलं. मुंबईच्या तोंडावर मराठे बरे की सिद्दी, हा पेच त्यांना सुटेना. अखेर त्यांनी माघार घेतली आणि 1680 च्या मार्चमध्ये महाराजांशी तह केला. त्यानंतर महिनाभरातच, 3 एप्रिलला, महाराजांचं निधन झालं.

दरम्यान सिद्दीने अस्सल डाव टाकला होता. 1680 च्या जानेवारीत त्याने शेजारची उंदेरी बळकावली आणि तिथे तोफा चढवल्या. दोन बेटं एकमेकांच्या माऱ्यात, आणि थळच्या किनाऱ्यावरून खांदेरीला जाणारी वाट उंदेरीच्या जवळून. चौकीवरच चौकी बसली! संभाजी महाराजांनी उंदेरी घेण्याचा प्रयत्न केला, पण ती हाती लागली नाही. मराठ्यांना ती मिळायला 1760 साल उजाडावं लागलं.

खांदेरीचे खरे सोन्याचे दिवस कान्होजी आंग्र्यांच्या काळातले. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथाशी झालेल्या करारानंतर ती आंग्र्यांकडे राहिली. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने तिच्यावर मोठी मोहीम काढली आणि हात हलवत परतला. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, पेशवाई बुडाली तेव्हा, किल्ला इंग्रजांकडे गेला.

ज्या उंचवट्यावरून मुंबईकडे जाणारी गलबतं हेरायची, तिथेच 1867 मध्ये इंग्रजांनी त्याच गलबतांना वाट दाखवणारं दीपगृह बांधलं. ते आजही चालू आहे. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळी बांधवांची त्यावर मोठी श्रद्धा. सरकारी कागदोपत्री बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं आहे. लोक खांदेरीच म्हणतात.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्यात खांदेरी आहे. उंदेरी नाही. यादी मराठ्यांच्या लष्करी रचनेची, म्हणून सिद्दीने उभारलेली उंदेरी बाहेर राहिली तर नवल नाही. पण खांदेरी पाहायला जाणाऱ्याने नाव थोडी उंदेरीच्या बाजूने घ्यायला सांगावी. मधलं अंतर किती कमी आहे ते डोळ्यांनी पाहिलं, की सिद्दीने तीच जागा का धरली ते लगेच कळतं.