चेतापेशीची तडतड

झुरळ बर्फाच्या पाण्यात ठेवलं की काही मिनिटांत निपचित पडतं. मग त्याचा एक पाय कापून बुचाच्या तुकड्यावर ठेवायचा आणि त्यात दोन बारीक टाचण्या टोचायच्या. टाचण्यांच्या तारा एका छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायच्या आणि अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला. आधी नुसती खरखर येते, रेडिओचं स्टेशन नीट लागलं नसावं तशी. त्या खरखरीतून मधूनच टक, टक असं काहीतरी. आता टूथपिकने पायावरचा एक काटा हलकेच ढकला. टकटकीची एकदम तडतड होते, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. टूथपिक काढली की ती ओसरते.

त्यातली एक टक म्हणजे एका चेतापेशीतून धावत गेलेला एक विद्युत संदेश. सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग टिकणारा. पाय धडापासून वेगळा झालाय, तरी त्यातल्या पेशी बराच वेळ जिवंत असतात आणि कोणी स्पर्श केला तर तसं कळवत राहतात. आता ते ऐकायला पलीकडे मेंदू नाही, एवढंच.

या संदेशाचा आलेख जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने काढलेला असतो. वर चढणारी रेघ, खाली येणारी रेघ, सोडियम आत, पोटॅशियम बाहेर. परीक्षेत मार्क मिळतात आणि रेघ विसरली जाते. कानाने ऐकलेली तडतड तशी विसरता येत नाही. शिवाय आलेख जे सांगत नाही ते ती सांगते: काटा जोरात ढकलला तरी प्रत्येक टक तेवढीच राहते, फक्त टका दाट होतात. स्पर्शाचा जोर संदेशांच्या संख्येत लिहिलेला असतो. केंब्रिजमध्ये एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात हे शोधून काढलं आणि १९३२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. त्यांनीही असाच स्पीकर लावला होता. एकदा ते भेकाच्या डोळ्याच्या चेतेवर प्रयोग करत होते. खोलीत जवळजवळ अंधार होता आणि स्पीकरमधून मधूनमधून आवाज येत होते. कशाचे, ते कळेना. मग लक्षात आलं की आपण खोलीत हललो की आवाज येतो. भेकाचा डोळा त्यांच्याकडेच बघत होता आणि काय दिसतंय ते कळवत होता.

हा अनुभव विद्यार्थ्यांना द्यायचा कसा, हा प्रश्न अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या शिक्षकांपुढे होता. मेंदूविज्ञान तेव्हा झपाट्याने वाढत होतं. १९६९ साली तिथे ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ स्थापन झाली. १९७१ च्या पहिल्या अधिवेशनाला सुमारे १,४०० माणसं होती, पुढे हा आकडा वीस हजारांच्या वर गेला. पण ही सगळी वाढ मोठ्या संशोधन विद्यापीठांच्या जोरावर झाली. पदवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या लहान कॉलेजात मेंदूचा विषय घेणारा बहुधा एकच शिक्षक असायचा, कधी जीवशास्त्र विभागात, कधी मानसशास्त्र विभागात. उपकरणं महाग, आणि प्रयोग बसला नाही तर विचारायला शेजारी कोणी नाही.

अशा शिक्षकांनी १९९१ साली आपली संघटना काढली, ‘फॅकल्टी फॉर अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स’. आद्याक्षरं जोडली की ‘फन’ होतं. तेच नाव रूढ झालं.

फनची कामं बरीच आहेत. दर काही वर्षांनी शिक्षकांच्या कार्यशाळा होतात. प्रयोगशाळेची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीच्या साथीने कॉलेजांना महागडी यंत्रणा एका सत्रापुरती वापरायला मिळते. मेंदूविज्ञानाच्या गुणी विद्यार्थ्यांचा सन्मान करणारी ‘नू रो साय’ ही संस्था फननेच २००६ साली सुरू केली. सोसायटीच्या मोठ्या अधिवेशनात पदवीच्या मुलामुलींची पोस्टरं लागतात, त्यांना प्रवासखर्चासाठी पारितोषिकं असतात. वीस-एकवीस वर्षांची मुलगी आपल्या पोस्टरपुढे उभी राहते आणि जिचं पुस्तक ती वर्गात वाचते अशी शास्त्रज्ञ समोर येऊन तिला प्रश्न विचारते, याची किंमत मला फार वाटते.

पण माझ्या मते फनचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे तिचं नियतकालिक. आपल्याकडे सायन्सच्या विद्यार्थ्याला ‘जर्नल’ म्हटलं की प्रॅक्टिकलची वही आठवते, सरांची सही घेऊन पूर्ण करायची. फनच्या ‘जर्नल ऑफ अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स एज्युकेशन’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र आलेत. २००२ पासून ते निघतं आणि कोणालाही फुकट वाचता येतं. प्रॅक्टिकल कसं बसवायचं, याला तिथे संशोधनाचा मान आहे. लेख इतर शिक्षक तपासतात, मगच छापला जातो.

प्रॅक्टिकल बसवणं म्हणजे काय, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक. संशोधक एका नोंदीसाठी आठवडाभर खपू शकतो. शिक्षकाच्या हातात तीन तास असतात, अंगावर वीस मुलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी सूक्ष्म चिमटा पहिल्यांदाच धरलेला. म्हणून प्राणी निवडण्यापासूनच विचार करावा लागतो. गोड्या पाण्यातला क्रेफिश हा झिंग्यासारखा कवचधारी प्राणी या वर्गांचा जुना लाडका आहे. त्याच्या चेतातंतूंना आणि स्नायूंना साध्या खारट द्रावणात तासन्‌तास काही होत नाही. त्याच्या पोटाखालच्या एका पातळ स्नायूला जाणाऱ्या चेतेत फक्त सहा चेतापेशींचे तंतू असतात: पाच स्नायूला आखडायला सांगणारे आणि एक त्याला थोपवणारा. न छेडताही ते आपणहून बोलत असतात. पडद्यावर त्यांचे संदेश कमी-जास्त उंचीचे दिसतात, आणि उंचीवरून विद्यार्थी कोणता तंतू बोलतोय ते ओळखायला शिकतो. सहा जण एकाच वेळी बोलत असताना आवाजावरून माणसं ओळखावीत, तसं. पुढे उंदराच्या मेंदूत हजारो पेशींची नोंद घेणाऱ्यालाही मुळात हेच करायचं असतं.

सुरुवातीला सांगितलेल्या झुरळाच्या पायामागेही अशीच खटपट आहे. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या ग्रेग गेज आणि टिम मार्झुलो यांनी स्वतःला आव्हान दिलं: चेतापेशीचा आवाज ऐकवणारं यंत्र शंभर डॉलरमध्ये बसवायचं. त्यातून ‘स्पायकरबॉक्स’ तयार झाला. त्याची रचना त्यांनी खुली ठेवली, म्हणजे कोणीही सुटे भाग आणून तो स्वतः जोडू शकतं. वाढीच्या वयातली झुरळं कात टाकताना गेलेला पाय पुन्हा वाढवतात. तरीही पाय कापावा का, हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतंच. विचारायलाच हवा, आणि शिक्षकाने त्याला वेळ द्यायला हवा.

भारतात या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी नियमानेच दिलंय. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं. पण तडतड ऐकायला प्राणी लागतोच असं नाही. एड्रियन आणि डेटलेव्ह ब्राँक यांनी १९२९ साली माणसाच्या स्नायूत सुई घालून त्याचे संदेश स्पीकरवर ऐकले होते. आता सुईही लागत नाही. ईसीजीला लावतात तसले चिकट पॅच दंडावर पुढच्या बाजूने लावायचे, एक कोपरावर, आणि तारा तशाच अ‍ॅम्प्लिफायरला जोडायच्या.

हात सैल असेल तर शांतता. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर पाण्याची लिटरभराची बाटली धरली की पत्र्यावर पावसाची सर यावी तसा आवाज येतो. दोन लिटरची धरली की सर जोराची होते. मेंदूने जास्त चेतापेशी कामाला लावल्या आणि आधीच्यांना जास्त वेगाने संदेश पाठवायला लावले. मग तीच दोन लिटरची बाटली हात न हलवता धरून ठेवायची. एक मिनिट, दोन मिनिटं. बाटलीचं वजन तेवढंच आहे, कोपराचा कोन तोच आहे, पण स्पीकरमधला आवाज हळूहळू वाढत जातो. हात थरथरायला लागतो आणि विद्यार्थी स्पीकरकडे बघायला लागतात. थकलेले स्नायूतंतू पूर्वीइतकं ओढू शकत नाहीत, म्हणून तेवढंच वजन तोलायला मेंदू आतापर्यंत स्वस्थ बसलेल्या पेशींना एकेक करून हाक मारत असतो.