विमुक्त जमाती आणि मनमानी अटक

ब्रिटिश सरकारने ज्या जमातींना कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवले होते आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर पुसला गेला, त्या विमुक्त जमाती. महाराष्ट्राच्या यादीत बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, राजपारधी, रामोशी, वडार, छप्परबंद अशा १४ जमाती आहेत. फासेपारधी मात्र अनुसूचित जमातींत मोडतात. पोलिसांच्या संशयात हा फरक राहत नाही.

१८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात आला आणि १९२४मध्ये एकत्रित झाला. जमात जाहीर करणाऱ्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. रजिस्टरात नाव चढले की बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी आणि गाव सोडायला पास. कलम १७ खाली ६ ते १८ वर्षांची मुले आईबापांपासून तोडता येत. कलम २४ तर अजब होते: नोंदलेला माणूस चोरीच्या संधीची वाट पाहत होता असे न्यायालयाला वाटले, तरी तीन वर्षांपर्यंत कैद. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना ठेवण्याच्या वसाहतीत, माणसे दिवसा गिरणीत राबत आणि हजेरीला तारेच्या कुंपणात परतत. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९मध्येच रद्द केला; पुढे १९५९चा सराईत गुन्हेगार कायदा आला. त्यात माणसाला सराईत ठरवताना जन्म नव्हे, आधी झालेल्या शिक्षा मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७मध्ये भारताला असे कायदे रद्द करण्याची शिफारस केली.

हक्क कागदावर स्पष्ट आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२नुसार अटकेचे कारण सांगावे लागते, वकील घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ९ मनमानी अटकेला बंदी करते. १९७९मध्ये करारात सामील होताना भारताने एक मेख मारून ठेवली: बेकायदा अटकेबद्दल भरपाई मागण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही, असे जाहीर केले.

गफलत होते ती घड्याळात. घरफोडीचा तपास अडला की पालावरून दोन-चार जण ‘चौकशीला’ उचलले जातात आणि कागदावर अटक नंतर दाखवली जाते. २४ तास खरे तर माणूस ताब्यात घेतल्यापासून धरायचे. घरच्यांनी त्याच रात्री पोलीस अधीक्षकांना ई-मेल केला तर उचलल्याच्या वेळेचा पुरावा उरतो. महिन्याने तोंडी सांगून फारसे साधत नाही. अटकेच्या मेमोवर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते. पालावर ती जागा बहुधा ठाण्याच्या ओळखीचा पंच भरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५च्या निकालानंतर अटकेची कारणे समजेल अशा भाषेत लेखी द्यावी लागतात; मराठी नीट न वाचणाऱ्या पारध्याला छापील मराठी कागद दिला की हेतू फसलाच.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, ठाण्यात हजर राहण्याची नोटीस देता येते. पण नोटिशीला पत्ता लागतो, आणि ‘कायमचा पत्ता नाही, पळून जाईल’ हेच अटकेचे कारण म्हणून लिहिले जाते. जामीन मंजूर झाला तरी सातबारा असलेला जामीनदार कुठून आणायचा? गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कलम ४७८ खाली आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडायचे असते. ही तरतूद न्यायालयाच्या नजरेस वकिलालाच आणून द्यावी लागते. कच्च्या कैद्याला गुन्ह्याच्या कमाल शिक्षेची अर्धी, पहिल्याच गुन्ह्यात एक तृतीयांश मुदत भोगल्यावर सोडणारे कलम ४७९ अनेक खटले असलेल्याला लागू होत नाही. न उलगडलेल्या पाच चोऱ्या एकाच माणसाच्या नावावर टाकण्याची सवय इथे सर्वांत महाग पडते.

३ ऑक्टोबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामवाटणी रद्द केली आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये यासाठी आधीच्या निकालांतली मार्गदर्शक तत्त्वे पाळण्याचा आदेश पोलिसांना दिला. त्याआधी, मार्च २०१९मध्ये, याच न्यायालयाने महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडले होते. २००९मध्ये त्या सहाही जणांना त्यानेच फाशी सुनावली होती, आणि गुन्हा घडला तेव्हा त्यांतला एक अल्पवयीन होता. तोवर तुरुंगात १६ वर्षे गेली होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला.